इजेनच्या ज्वालामुखीला आम्ही बारा जण जातोय, जाऊबाईंना दमा आहे. काय करावं?

येऊरवाली (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमचा ठाण्यातला बारा जणांचा गट आहे. रोज पहाटे साडेपाचला उपवन तलावाला भेटतो, रविवारी येऊर, महिन्यातून एखादा किल्ला. वयं 41 ते 67. गेल्या हिवाळ्यात कळसूबाई केलं. यंदा पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं ठरलंय. इंडोनेशियात पूर्व जावातले ब्रोमो आणि इजेन हे दोन ज्वालामुखी आणि शेवटी तीन दिवस बाली.

इजेन मीच सुचवलं. रात्री निळ्या ज्वाळा दिसतात तो व्हिडिओ ग्रुपवर मी टाकला आणि त्याखाली पहिलं "मी येणार" आलं ते माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. वय 61. गुडघे माझ्याहून चांगले, कळसूबाईच्या शिड्या न थांबता चढल्या. पण त्यांना दमा आहे. दिवाळीत फटाक्यांचा धूर झाला की चार दिवस घराबाहेर पडत नाहीत. पंप कायम पर्समध्ये.

टूरवाल्यांना विचारलं तर "काही होत नाही हो मॅडम, सगळे जातात, मास्क देतो" एवढंच उत्तर मिळालं. कोटेशन नीट वाचलं तर एका पानावर इजेन लिहिलंय आणि दुसऱ्या पानावर मेरापी. ते एकच की दोन, हेही कळेना. तारीख मार्चमधली, पाडव्याला धरून, कारण दोघांना तेव्हाच रजा मिळतेय.

कोणी गटाने जाऊन आलंय का? दमा असलेल्या माणसाने जावं का, आणि नसेल जायचं तर त्यांना मी काय सांगू? आम्ही दोघी बत्तीस वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत. त्यांना हॉटेलात बसवून मी वर गेले तर माझं अर्धं लक्ष खालीच राहील.

खारघरकर

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेलो होतो, खारघर-नेरूळचे नऊ जण. गट मी नेला होता, म्हणून त्या रात्रीची चूक माझी. ती सांगण्यासाठीच लिहितोय.

आधी वाट. पाल्तुडिंग हा पायथा. तोच सुमारे 1850 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (1646) दोनशे मीटर उंच. रात्री दोनला तिथे दात वाजत होते, त्यामुळे स्वेटर, कानटोपी घ्याच. विवराच्या काठापर्यंत तीन किलोमीटर आणि साधारण पाचशे मीटर चढाई. रस्ता रुंद, मातीचा. पहिले दोन किलोमीटर पोटऱ्या भरून येतात, मग जवळजवळ सपाट. दर रविवारी येऊर चढणाऱ्या माणसांना यात अवघड काही नाही.

पण निळी ज्वाळा काठावरून धड दिसत नाही. त्यासाठी विवराच्या आत उतरावं लागतं, अंधारात, मोठाल्या दगडांच्या घसाऱ्यावरून, आणि त्याच अरुंद वाटेने गंधकाच्या टोपल्या घेऊन कामगार वर येत असतात. आत सोडणं अधूनमधून बंदही असतं. टूरवाला "ज्वाळा नक्की दाखवतो" म्हणाला तर त्याला कशाच्या जोरावर ते विचारा.

आता चूक. आमच्यातल्या एका मित्राला लहानपणी दमा होता. मला ते माहीत होतं. पायथ्याला मी सगळ्यांना गोल उभं करून विचारलं, "कोणाला काही त्रास?" कोणी बोललं नाही. तो म्हणाला, "आता काही नाही रे." रात्री दोन वाजता, एवढा खर्च करून, आठ जण बूट बांधून उभे असताना कोण हात वर करणार? हा प्रश्न मी खारघरला, महिनाभर आधी, एकेकाला बाजूला घेऊन विचारायला हवा होता.

आम्ही उतरलो. ज्वाळा पाहिल्या. खडकाच्या भेगांतून गंधकाचे वायू दाबाने बाहेर पडतात, 600 अंशांपर्यंत तापलेले, आणि हवा लागली की पेट घेतात. काही गंधक वितळून पेटलेल्या अवस्थेतच उतारावरून ओघळतं. गॅसच्या शेगडीच्या निळ्या रंगासारखा रंग, पण आमच्या चाळीच्या जिन्याएवढा उंच आणि सतत हलणारा. मी तिथे दहा मिनिटं कोणाशीही बोललो नाही.

मग वारा फिरला. पिवळट पांढरा धूर थेट आमच्यावर आला. डोळे मिटले ते उघडेनात, घशात चुना गेल्यासारखं झालं. आम्हाला दिलेल्या मास्कपैकी दोघांचे पट्टे सैल होते, एकाच्या डबीत फिल्टरच नव्हता. मी ते खाली तपासलं नव्हतं. तो मित्र खाली बसला, आणि तेच सगळ्यात वाईट, कारण हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड असतो, तळाशी साचतो. एका कामगाराने टोपली उतरवली, स्वतःच्या तोंडातला ओला फडका त्याच्या नाकातोंडावर दाबला आणि त्याला वर न नेता आडवं, धुराच्या कडेला ओढून नेलं. मी असतो तर वरच पळवला असता, धुराच्या दिशेनेच.

काठावर यायला आम्हाला तासाच्या वर लागला. मित्राचा पंप सॅकमध्ये होता आणि सॅक खाली जीपमध्ये. तो बरा आहे, आता पुन्हा आमच्याबरोबर डोंगरातही येतो. पण इजेन म्हटलं की मला अजूनही ज्वाळेच्या आधी त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकू येते.

त्या कामगाराने परत जाऊन आपली टोपली उचलली. 70 ते 90 किलो असते ती. नंतर काठावर एक टेकवून ठेवलेली दिसली म्हणून मी उचलून बघितली, जमिनीवरून सुटलीसुद्धा नाही.

जाऊबाईंना आत उतरवू नका, हे माझं स्पष्ट मत. पण हॉटेलातही बसवू नका. गट दोन भागांत करा. ज्यांना उतरायचंय ते रात्री निघतील. बाकीचे चारला निघून उजाडताना काठावर पोचतील, तेही वारा कुठला आहे ते गाईडला विचारून. उजेड आला की खालचा तलाव दिसतो, फिक्या निळ्या-हिरव्या रंगाचा, वर वाफ तरंगणारा. जगातला सगळ्यात मोठा अतिआम्ल विवरतलाव आहे तो. आमच्या नऊपैकी सहा जण आजही ज्वाळेपेक्षा त्या तलावाबद्दलच जास्त बोलतात.

मनमोकळा_कळवा

एवढं घाबरवू नका हो. माझा भाऊ कुटुंबासह जाऊन आला, लहान मुलं होती, काही झालं नाही. रोज शेकडो लोक जातात.

खारघरकर

दादा, तुमच्या भावाच्या दिवशी वारा दुसरीकडे होता. आमच्याही आठ जणांना खोकल्यापलीकडे काही झालं नाही. मी नवव्याबद्दल लिहितोय.

श्वास_वाशी

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. तुमच्या जाऊबाईंना तपासल्याशिवाय मी निर्णय देणार नाही, पण तीन गोष्टी सांगतो.

तिथला मुख्य त्रासदायक वायू सल्फर डायऑक्साइड. श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळून तो आम्ल बनतो. निरोगी माणसाला ज्या प्रमाणात जेमतेम वास येईल, तेवढ्यावर दमेकऱ्याच्या नळ्या आवळू शकतात, आणि चढताना आपण तोंडाने जोरजोरात श्वास घेतो म्हणून तो आणखी खोल जातो. फटाक्यांच्या धुराने चार दिवस त्रास होतो, हे तुम्ही लिहिलंत. मला तेवढं पुरेसं आहे. विवरात उतरायचं नाही.

दुसरं, "आधी दोन पफ मारून जा" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पंप उपचार आहे, परवानगी नव्हे.

तिसरं, तिथे चढाईसाठी आरोग्याचा दाखला मागतात. तो इथल्या, तुमची फाइल माहीत असलेल्या डॉक्टरकडून घ्या, निदान महिनाभर आधी, फुफ्फुसाची क्षमता मोजून. काठापर्यंत जायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरवा. आणि पंप त्यांच्या स्वतःच्या खिशात असू दे, दुसरा तुमच्याकडे.

कातळवेडा (ठाणे पूर्व)

ताई, नावांचा गोंधळ आधी सोडवतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. मेरापी मध्य जावात, योग्यकर्ताजवळ. 2010 साली त्याच्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. मारापी, 'मा'ने सुरू होणारा, तो सुमात्रात. आणि इजेनच्याच डोंगरसमूहात आणखी एक मेरापी नावाचं शिखर आहे. तुमच्या कोटेशनमध्ये कोणता, ते नकाशावर बोट ठेवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इंडोनेशियात ज्वालामुखींना चार पायऱ्या असतात: नोर्माल, वास्पादा, सियागा, आवास. सरकारी 'मॅग्मा इंडोनेशिया' संकेतस्थळावर प्रत्येक डोंगराची आजची पायरी दिसते. पण आकडा बघून थांबू नका, त्याखाली विवरापासून किती अंतर ठेवायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सुमात्रातला मारापी 3 डिसेंबर 2023 ला फुटला तेव्हा दुसऱ्याच पायरीवर होता. विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी शिफारस होती, तरी डोंगरावर 75 गिर्यारोहक होते. 24 गेले. पायरी ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून सांगतोय.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. आपण सगळे ठाणे-नवी मुंबईकर थिजलेल्या लाव्ह्यावरच राहतो. येऊर, पारसिक, कळसूबाई, सगळा तो 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. पण आपला लाव्हा पातळ होता, भेगांमधून पसरत गेला, थरावर थर. म्हणून सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. जावाचं तसं नाही. तिथे हिंदी महासागराखालचं भूपट्ट जावाच्या खाली घुसतं, स्वतःबरोबर पाणी नेतं, आणि त्या पाण्याने तयार होणारा शिलारस चिकट आणि वायूंनी भरलेला असतो. तुम्ही जो वास घेणार आहात तो तिथूनच येतो. आपल्याकडचा डोंगरचढीचा अनुभव पायांना उपयोगी पडेल, पण डोंगर बसून तुमच्याकडे बघत असतो ही जाणीव सह्याद्री देत नाही. ती नवीन शिकावी लागते.

आणि तारीख बदला. बालीतही शक पंचांग चालतं आणि त्यांचं नववर्ष, न्येपी, आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं. त्या दिवशी पूर्ण बाली बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. शिवाय मार्च तिकडे पावसाचाच. मे ते सप्टेंबर कोरडा काळ.

येऊरवाली (ठाणे)

पाडव्याचं मला कोणीच सांगितलं नव्हतं! टूरवाल्यांनी तर परतीचं विमान नेमकं त्याच दिवसाचं धरलंय.

खारघरकर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. एक विचारते. इजेन गाळून फक्त ब्रोमो केलं तर जाऊबाईंना सोपं जाईल का?

खारघरकर

सोपं, पण निर्धोक समजू नका. ब्रोमो 2329 मीटर, भोवती प्रचंड जुन्या विवराचं वाळूचं मैदान. जीपने मैदान ओलांडायचं, पुढे चालत किंवा घोड्यावरून, मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या. वाळू उडते, जीपचा धूर असतो, आणि काठावर गेलं की वायूही असतोच. त्यांच्यासाठी मी पनांजाकान सुचवेन. 2770 मीटरवरचा कडा आहे, जीप जवळपास तिथपर्यंत जाते. पहाटे समोर ब्रोमो, त्याच्या मागे धूर सोडणारा सेमेरू (3676 मीटर, जावातलं सर्वात उंच शिखर). विवरापासून लांब, मोकळी हवा.

पायऱ्या चढणाऱ्यांसाठी एक सांगतो. वर विवराच्या अगदी काठावर गणपती आहे. तेंगर लोक हिंदू आहेत, यज्ञ कसदा सणाला ते भाज्या, कोंबड्या, पैसे विवरात अर्पण करतात. आम्ही पोचलो तेव्हा मूर्तीपुढे ताजी झेंडूची फुलं होती. आमच्यातल्या दोघींनी तिथेच, धुराच्या वासात, हळू आवाजात आरती म्हटली. फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही.

आणि चांदीचं काही घालू नका. माझी साखळी दोन दिवसांत काळी पडली, त्या वायूंमधल्या गंधकाने. जोडवी घरी ठेवून जायला सांगा सगळ्यांना.

रबाळे_शिफ्ट

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, बावीस वर्षं. मास्कबद्दल मी बोलतो, बाकीचं जाणकारांनी सांगितलंच आहे.

एन-95 आणि कापडी मास्क धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत. विवरात उतरणाऱ्यांना रबरी अर्धमुखी मास्क आणि आम्लवायूची डबी लागेल. युरोपीय पद्धतीच्या डबीवर पिवळा पट्टा आणि 'ई' हे अक्षर असतं, ते सल्फर डायऑक्साइडसाठी. डबीवरची मुदत वाचा. सील फोडलेली डबी भाड्याने घेऊ नका, ती किती वापरली गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

मास्क घातल्यावर दोन्ही डब्यांवर तळहात दाबून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला पाहिजे आणि तसाच राहिला पाहिजे. कडेने हवा शिरली तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही. दाढी असली की बसणारच नाही, मग ती कितीही बारीक असो. गटातल्या पुरुषांना आदल्या दिवशी दाढी करायला लावा. डोळ्यांना भोकं नसलेले गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा.

आणि हे सगळं घालून पहिल्यांदा तिथे चालू नका. मास्कमधून श्वास घ्यायला जोर लागतो, सवय नसलेला माणूस पाच मिनिटांत घाबरून तो ओढून काढतो. आमच्याकडे नव्या कामगारांना आम्ही मास्क घालून आधी जिने चढायला लावतो.

कातळवेडा (ठाणे पूर्व)

रबाळे दादांना एक पुरवणी. तिथे गंधकाची कासवं, फुलं विकतात, साच्यात ओतलेली, फार सुंदर. विमानात नेऊ नका, गंधक ज्वालाग्राही आहे, विमानतळावर काढून घेतात. पण पैसे मात्र त्या कामगारांना जरूर द्या, त्यांचा फोटो काढण्याआधी विचारूनही घ्या. पहाटे नव्वद किलो खांद्यावर असताना समोरून चेहऱ्यावर फ्लॅश पडला तर माणूस पाय कुठे टाकेल?

येऊरवाली (ठाणे)

चार दिवसांनी लिहितेय, कारण आधी घरात बोलायचं होतं.

काल दुपारी भाजी निवडताना जाऊबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला, खारघरकर दादांच्या मित्राचा भाग दोनदा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पंप मी पर्समध्ये ठेवते, आणि पर्स मी गाडीतच ठेवली असती." पुढे एवढंच विचारलं, की काठावर उजाडताना किती वाजतात.

तर ठरलं ते असं. तारीख जुलैत नेली. ज्या दोघांना रजा नव्हती त्यांच्यापैकी एकाला मिळाली, एक जण येणार नाही. वाईट वाटलं, पण ते स्वतःच म्हणाले, जा. कोटेशनमधला मेरापी चुकून आला होता, तो काढून घेतला. अकरापैकी पाच जण विवरात उतरतील, तेही त्या रात्री परवानगी असेल आणि गाईड वाऱ्याला हो म्हणेल तरच. सहा जण काठावर. मी काठावर. ज्वाळा मी सुचवली होती आणि मला ती बघायची होती, हे खरं आहे. पण उजाडताना तो तलाव मला त्यांच्या शेजारी उभं राहून बघायचाय.

जाऊबाईंची तपासणी शुक्रवारी आहे. आकडा कमी आला तर काठही नाही, पनांजाकान. तेही त्यांनी स्वतः ठरवलंय.

मी गटातल्या प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला, सगळ्यांसमोर नाही. आणि कळलं की आमच्यातल्या एका काकांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय. कळसूबाईला ते आमच्याबरोबर होते. त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं.

रबाळे दादा, पाच मास्क तुमच्या ओळखीच्या दुकानातून मिळतील का? आणि शक्य असेल तर ते कसे बांधायचे हे एकदा दाखवायला याल का? रविवारी पहाटे सहा, येऊरच्या चेकनाक्यापाशी. चहा आणि साबुदाण्याची खिचडी आमच्याकडून.

रबाळे_शिफ्ट

शनिवारी माझी रात्रपाळी आहे, सुटली की तसाच येतो. पाचही जणांच्या चेहऱ्याचं माप लागेल, एका मापाचे मास्क आणत नाही. दाढ्या करून या म्हणावं.